लडकूभाऊजींचा फुगा

लडकूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वीस वर्षं तोफखान्यात होते. गावाला वाटतं, यांनी तोफा डागल्या. कसल्या तोफा! फुगे सोडले यांनी, फुगे! मी तर आमच्या अंजूर गावभर सांगते, "जत्रेत जागा मिळाली न्हाय, म्हणून फौजेत गेले."

भाऊजी चिडत नाहीत. दहाव्यांदा समजावतात, "वयनी, गोळा डोंगराच्याही वरून जातो. खाली वारा खाडीचा, वर भलतीकडचा. हवा तापली का पातळ होते, गोळा लांब जातो. थंडीत अलीकडंच पडतो. म्हणून आधी फुगा सोडायचा, दुर्बिणीतून बघत र्‍हायचं, कुठल्या उंचीला वारा किती ते तोफेवाल्यांना कळवायचं. दोन तासांनी परत दुसरा. हवा शिळी झाली का नेम चुकला."

"शिळी हवा चालत न्हाय, आणि कालची आमटी बरी चालते!"

आता ते गोदामाच्या गेटवर ड्युटी करतात. ट्रक नसला की मान वर. आभाळात काही नसतं हो. तरी बघतात.

दिवाळीत आमचा भाचा मितेश सुट्टीवर आला. तोही तोफखान्यात, यंदाच हवामानाच्या तुकडीत गेलेला. भाऊजी तीन दिवस त्याच्याभोवती घुटमळले, पण विचारायचं ते विचारेनात. शेवटी मीच विचारलं, "काय रे, फुगा सोडता का मोबाईलवर बघून गोळा मारता?"

भाऊजींचा चहा कपातच राहिला.

"सोडतो ना मामी. खाली यंत्र बांधतो, ते सगळं स्क्रीनवर पाठवतं."

"पन फुगा हाय?" भाऊजी.

"हाय मामा."

"सुटल्यावर वर कोन बघतं?"

"कोन कशाला बघंल? आमी आत बसतो."

टोमणा माझ्या ओठांवर आला होता. गिळला.

भाऊजी हळूच म्हणाले, "तांदळाएवढा होतो रे तो. डोळ्यांतून पाणी येतं, पन पापणी हलवायची न्हाय. एकदा बघ. माझ्यासाठी."

मितेश परत गेला. महिन्याभरानं भाऊजींचा डबा घेऊन मी गेटवर पोचले, तर त्यांच्या कानाला फोन, मितेशचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"मामा, बाहेर उभा हाय. सुटला."

"कुठं चाललाय?"

"उगवतीकडं."

भाऊजींनी मान उगवतीला वळवली. "दिसतोय?"

"दिसतोय... दिसतोय... गेला मामा."

फोन बंद झाला. मान तशीच. मागं ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता.

मी हात आडवा केला. "रुक रे भाय. साहब ड्युटी पे है."