ग्लिसरीनमधला क्षार

लढाईच्या वर्षांत विलायती रसायनं येणं बंद झालं, तेव्हा अमरावतीच्या आमच्या कॉलेजातल्या रसायनाच्या सरांनी ठरवलं की ती आता विद्यार्थ्यांनीच करायची. तिघातिघांचे गट पडले. कुणाला मोहफुलांपासून अल्कोहोल करायचं काम मिळालं, कुणाला आणखी काही. आमच्या वाट्याला सरकीचं तेल आलं. त्याचा साबण करायचा आणि साबण काढून घेतल्यावर जे खारट पाणी उरतं, त्यातून ग्लिसरीन वेगळं करायचं. ते दवाखान्यात घशाला लावायला द्यायचं होतं, म्हणून सरांची अट कडक होती. साबणासाठी घातलेल्या कॉस्टिक सोड्याचा क्षार त्यात नावालाही राहता कामा नये. शिवाय गुण तिघांना सारखेच. एक बुडाला की तिघेही बुडाले.

तिघांत मी अकोल्याचा. वडिलांची अकोटकडे कापसाची काळी जमीन, त्यामुळे तेल आणायचं काम माझ्याकडे आणि पुढारीपणही मीच घेतलेलं. दुसरा वकिलाचा मुलगा. त्याचं काम बाटली हुंगून "वा" म्हणायचं. तिसरा भातकुलीकडच्या माळ्याचा. घरी वांगी, मिरच्या, झेंडू. खरं काम तोच करत असे. त्याला नादारी होती, म्हणजे फी माफ. पण प्रॅक्टिकलात नापास झाला तर नादारी बंद, आणि नादारी बंद म्हणजे त्याचं कॉलेजच बंद. हे त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी "हो रे" म्हणून सोडून दिलं होतं.

माझा स्वभाव उतावीळ. आम्ही त्या पाण्यात आम्ल घालून क्षार मारला, गाळलं, आटवलं आणि शेवटी मधासारखं दाट ग्लिसरीन हाती आलं. मग क्षार मोजायला बसलो. पहिल्या खेपेला थोडा निघाला. पुन्हा आम्ल घालून, गाळून पाहिलं, त्याहून कमी निघाला. तिसऱ्या खेपेला निघणारच नाही, अशी माझी खात्री होती. दसऱ्याला घरी जायचं होतं, आणि अकोल्याची गाडी काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. नोंदींची वही माळ्याच्या मुलाच्या हातात होती, कारण अक्षर त्याचं चांगलं. मी म्हटलं, "लिही. क्षार शून्य."

"मोजून घेऊ ना येक डाव," तो म्हणाला.

"मी सांगून राहिलो ना? तुले माह्यापेक्षा जास्त समजते का?"

त्यानं लिहिलं. मी गाडी गाठली.

दुसऱ्या दिवशी खंडे नवमी. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो, तशी आमच्या प्रयोगशाळेत तराजू, बर्नर, काचेची भांडी पुजायची रीत होती. झेंडूची फुलं तोच घरून आणायचा. त्यानं सगळ्या उपकरणांना हळदीकुंकवाची बोटं लावली आणि आमच्या बाटलीलाही लावली. बुचापाशी ग्लिसरीन जरा पाझरलेलं होतं, त्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही, हे मला मागाहून कळलं.

दसरा झाल्यावर सर तपासायला आले. तराजूवरची हळद पिवळी होती, बर्नरवरची पिवळी होती. आमच्या बाटलीच्या गळ्यावरची मात्र विटकरी लाल झाली होती. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आमच्याकडे घरोघरी ठाऊक. आमच्या बाटलीत साबण नव्हता, म्हणजे उरला क्षारच.

"कुंकू ओघळलं असन, सर," माळ्याचा मुलगा म्हणाला.

सरांनी पूजेच्या ताटातली चिमूटभर हळद घेतली, बशीत आमचं ग्लिसरीन ओतलं आणि वरून हळद टाकली. बशी लाल झाली. वकिलाचा मुलगा खिडकीबाहेर बघू लागला.

सरांनी वही उघडली. "क्षार शून्य. हे अक्षर कुणाचं?"

"माहं, सर."

"मोजलंत तुम्ही?"

"हो सर. वाचताना माही चूक झाली असन."

सर म्हणाले, "चुकीला उपाय आहे. आठ दिवस देतो. पुन्हा शुद्ध करा, पुन्हा मोजा आणि दाखवा."

इथं मी गप्प राहायला हवं होतं. पण माझ्या चुकीचं खापर त्यानं आपल्या डोक्यावर फोडून घ्यावं, हे मला सोसवेना. लाजही वाटत होती आणि रागही येत होता. मी म्हणालो, "सर, त्याची चूक नाही. तिसऱ्यांदा आम्ही मोजलंच नाही. शून्य मी सांगितलं."

सरांचा चेहराच बदलला. "म्हणजे आकडा रचलात? आणि हे घशाला लावायला देणार होतात?" त्यांनी वहीच्या पानावर आडवी रेघ ओढली. तिघेही नापास. आठ दिवसांचं नाव कुणी पुन्हा काढलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. "मले राहावलं नाही. तू काहून उगाच अंगावर घेतलं?"

"उगाच नाही घेतलं. मी आठ दिवस मांगून राहिलो होतो, आन् ते भेटले बी होते." त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "तुहं मन हलकं झालं ना? झालं तं मंग."

दिवाळीनंतर तो आला नाही. वडिलांनी माझी फी भरली आणि मी पुढच्या वर्षी परीक्षा देऊन पास झालो. पुढे कित्येक वर्षं मी ही गोष्ट माझ्या खरेपणाची म्हणून सांगत असे. ऐकणारे मला शाबासकी देत. त्याच्या नादारीचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही.