फईनं अडवलेलं नाव

मोंघीबेननं भाभीवर धरलेला डूख लोणच्यासारखा जपला होता, झाकण घट्ट लावून. पोरांची लग्नं झाली, नवऱ्याचं आजारपण झालं, शेंगेची बरी-वाईट सालं येऊन गेली. पण लाभूभाभीचं ते वाक्य तिच्या कानातून गेलं नाही.

मोंघीची आई लवकर वारली, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण माहेरी भाभीच्या हातचं झालं. मुलगी झाली, दक्षा. दोन-तीन दिवसांत पोरीच्या डोळ्यांत पिवळी झाक आली, तशी ती पुष्कळ पोरांना येते. सहाव्या दिवशी, छठ्ठीला, भरल्या ओसरीत लाभू बोलून गेली, "आमच्या बेनचं दूध म्हणजे निव्वळ पाणी. पोर पिवळी पडेल नाही तर काय!" मोंघीची नणंद फई, म्हणजे पोरीची आत्या, म्हणून नाव ठेवायला आली होती. जाताना तिनं हे वाक्य सासरी नेलं. तिथं सासूनं पोरीला शेळीचं दूध सुरू केलं, मोंघीचं दूध आटलं, आणि घरात तिला 'दुकाळ' म्हणू लागले. पुढं दोन मुलगे झाले, त्यांनाही कुणी तिच्या अंगावर धड पिऊ दिलं नाही. दक्षा धडधाकट वाढली, पण आईला चिकटलेला दुकाळ काही सुटला नाही.

पण देव काठियावाडातही आहे. लाभूला दोन्ही मुलगेच झाले, त्याचा तिला केवढा तोरा! थोरल्या विपुलची बायको रिंकल बाळंत झाली. तिची आई सुरतेला अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे सगळं सासरीच झालं. नातू पाहून लाभू हरखली, आणि मग तिच्या लक्षात आलं की पोराला फईच नाही. बापाला बहीण नसली की नाव ठेवायचा मान आजोबांच्या बहिणीकडे जातो. म्हणजे मोंघीकडे. भावानं, रवजीभाईनं, फोन केला तेव्हा बहीण इतकी गोड बोलली, की भाबड्याला तिथंच शंका यायला हवी होती.

झबलं-टोपडं घेऊन ती छठ्ठीच्या सकाळी पोचली. जिभेवर तेच वाक्य तयार होतं. भरल्या ओसरीत, तसंच, पण या घरच्या सुनेबद्दल म्हणायचं. लाभूची मान खाली गेली की जीव थंड. रिंकलचं काय होईल, हा विचार तिनं केला नव्हता. सुडाला निघालेलं माणूस असले विचार करत नाही.

अंगणात लाभूनं पोराला भर उन्हात उघडं निजवलं होतं आणि गुळाच्या पाण्यात बुडवलेला कापूस त्याच्या तोंडात पिळत होती. आत रिंकल भिंतीकडे तोंड करून बसलेली. दूध दाटून तिचा ब्लाउज भिजला होता. मोंघीनं विचारलं तशी पोरगी घडाघडा बोलली. डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. कावीळ अगदी सौम्य आहे, घरीच राहू द्या, दर दोन-तीन तासांनी उठवून अंगावर पाजा, वरचं पाणीसुद्धा नको, परवा दाखवायला आणा, असं सांगितलं होतं. पोर प्यायला उठेना किंवा पिवळेपणा पायांपर्यंत उतरला, तर मात्र तडक घेऊन यायचं.

"पण बा म्हणतात, तुझं दूधच पातळ आहे, त्यानंच पोर पिवळं पडलं." तिनं अंगणातल्या सासूकडे बोट दाखवलं.

मोंघीच्या जिभेवरचं वाक्य तिथल्या तिथं विटलं. तिला रिंकलची दया आली, असं म्हणणं खोटं होईल. तिला राग आला, आणि या वेळी तो कुठं ठेवायचा ते नीट दिसलं. ती अंगणात गेली, पोर उचललं आणि रिंकलच्या मांडीवर ठेवलं. पोर पेंगत होतं, म्हणून त्याचे तळवे चोळले. मग ते लागलं प्यायला.

संध्याकाळी गल्लीतल्या बायका जमल्या. चार पोरांनी झोळीची टोकं धरली, पिंपळाचं पान ठेवलं, पोर निजवलं. सगळ्यांनी मोंघीकडे पाहिलं.

"नाव आज नाही," ती म्हणाली. "पिवळेपणा उतरला की ठेवीन. आईच्या दुधाशिवाय त्याच्या तोंडात काही जायचं नाही, आणि पाजायला उठवायचं काम भाभीचं. तोवर मी इथंच आहे."

फईनं तोंड उघडल्याशिवाय पोराला नाव नाही, आणि इथं नाक दाबलं होतं ते लाभूचं. लाभू मुकाट्यानं कामाला लागली. सुनेला उठवायची, शिरा करायची, ताट तिच्या पुढ्यात ठेवायची. मोंघी झोपाळ्यावर बसून शिऱ्यात तूप कमी आहे म्हणायची. धाकट्या हितेशची बायको पोटुशी होती, तिलाही तिनं कामातून उठवलं. तेही लाभूच्याच अंगावर पडलं. दारावरून जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "नातवाचं नाव काय ठेवलंत, लाभूबेन?" मोंघी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एवढं सुख तिला पोरांच्या लग्नांतही झालं नव्हतं.

दवाखान्यात दाखवायला ती स्वतः बरोबर गेली. कावीळ उतरत होती. असंच पाजत राहा, डॉक्टर म्हणाले. होता होता पोराचे डोळे पांढरेस्वच्छ झाले आणि ते भुकेनं घर डोक्यावर घ्यायला लागलं.

पुन्हा बायका जमल्या. या खेपेला मोंघीनं सासरहून नणंदेलाही बोलावून घेतलं होतं. ते वाक्य तिनंच नेलं होतं, तर हेही तिनंच न्यावं. झोळी धरली गेली.

"भाभी, पिवळेपणा कशानं गेला?"

"देवाच्या कृपेनं."

"देव पाजायला आला नव्हता."

बायका हसल्या. लाभूनं पदर सारखा केला. "आईच्या दुधानं," ती म्हणाली.

"आणि माझं दूध कसं होतं?"

झोळी धरून पोरांचे हात अवघडले. लाभूनं नवऱ्याकडे पाहिलं. रवजीभाई छताकडे पाहत होता.

"चांगलं होतं, बेन."

"मोठ्यानं. तेव्हा मोठ्यानं बोलला होतात."

"चांगलं होतं! मी खोटं बोलले."

मोंघीनं नणंदेकडे पाहिलं. नणंदेनं मान खाली घातली. मग मोंघी वाकली आणि रिंकलनं मनात धरलेलं नाव तिनं पोराच्या कानात सांगितलं, ध्रुविल.

जेवताना लाभू स्वतः लापशीचं ताट घेऊन आली. तिचे डोळे सुजले होते. "आता तरी फिटलं ना, बेन?"

मोंघीनं लापशीवर तूप ओतून घेतलं, भरपूर.

"हितेशच्या बायकोला कितवा महिना म्हणालात, भाभी?"