सोवळ्यातली सीडी

श्याम आठल्ये यांना रत्नागिरीत लोक ‘कॉम्प्युटरवाले आठल्ये’ म्हणत, आणि ते ऐकलं की त्यांची बायको उमा मनातल्या मनात कपाळाला हात लावी. हा माणूस कचेरीत आलेलं टपाल नोंदवून घ्यायचा. मुदतीआधी निवृत्ती घेतली, मुंबईला मावसभावाकडे चार दिवस राहिला आणि येताना एक सीडी रायटर आणि अंगभर शहाणपण घेऊन आला. रायटर निदान बंद तरी करता येत असे.

तेव्हापासून कोणाचा कॉम्प्युटर बसला की श्यामरावांना बोलावणं यायचं. ते जायचे, खुर्ची ओढायचे आणि पडद्याकडे धड न बघताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणून मोकळे व्हायचे. म्हणजे आतलं होतं-नव्हतं ते पुसायचं आणि घरी राइट केलेल्या सीडीवरून सिस्टीम नव्याने भरायची. भरली गेली तर हातगुण त्यांचा. नाही भरली गेली तर दोष मशीनचा, लाइटचा, समुद्राच्या खाऱ्या हवेचा, नाहीतर उमाचा. उमा सगळ्यांत हाताशी असल्याने बहुतेक वेळा तिचाच.

सासूबाई गेल्या तेव्हा घरातलं सोवळं संपलं असं उमाला वाटलं होतं. कसलं संपतंय! सीडी राइट व्हायला लागली की त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, फ्रीज उघडायचा नाही, इस्त्री लावायची नाही आणि मिक्सर तर मुळीच नाही. लाइट खाली-वर झाला की सीडी फुकट जाते म्हणे. आळीतली वीज लहरी होती हे खरं, पण सासूबाई सोवळं पाळायच्या ते स्वतः आंघोळ करून. हे गृहस्थ पारोसे, मांडीवर चहाचा कप घेऊन बसायचे आणि सोवळं पाळायचं बायकोने. एवढं करून वाया गेलेल्या सीड्यांची चळत वाढतच होती. उमाने त्या लोणच्याच्या बरण्यांखाली घातल्या. श्यामरावांच्या विद्येचा घराला झालेला उपयोग तेवढाच.

उमा मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. २००३ साली शिवणाचे तास बंद करायचं ठरलं. संस्थेने सरळ सांगितलं, शाळेत कॉम्प्युटरची खोली सुरू झाली तर आठल्येबाई तिथे शिकवतील, त्यांनी कोर्स केलेला आहे. नाही झाली तर त्या अतिरिक्त ठरतील आणि त्यांना लांब मंडणगडच्या शाळेत जावं लागेल. मुंबईच्या एका माजी विद्यार्थिनीने आपल्या ऑफिसातले आठ जुने कॉम्प्युटर पाठवले, सगळे आतून पुसून कोरे केलेले. संस्थेच्या चिपळूणच्या शाळेचाही त्यांच्यावर डोळा होता. शनिवारी ती विद्यार्थिनी उद्घाटनाला येणार होती. तोवर सुरू झाली नाहीत तर मशीनं चिपळूणला जाणार होती.

“घरातच तज्ज्ञ आहे की तुमच्या!” मुख्याध्यापिका दामलेबाई म्हणाल्या. उमाला नाही म्हणता आलं नाही. नवरा कुचकामी आहे हे चारचौघांत कोणत्या तोंडाने सांगायचं?

या मशीनांत भरायची सिस्टीम कोणालाही फुकट वापरता येईल अशी होती. मावसभावाने ती एका भल्यामोठ्या फाइलीत बांधलेली, हार्ड डिस्कवर घालून पाठवली. श्यामरावांनी ती फाइल उचलली आणि जशीच्या तशी सीडीवर टाकायला घेतली. उमा दारातून बघत होती.

“अहो, ते खाली ‘इमेज’ लिहिलंय ना, तिथून करायचं असतं हे. क्लासमध्ये सांगितलं होतं. नुसती फाइल टाकली तर मशीन सुरू होत नाही तिच्यावरून.”

“अगो, शिवणाच्या बाईने शिवण बघावं,” श्यामराव मान न वळवता म्हणाले. “काजं-बटणं नव्हेत ही.”

उमा स्वयंपाकघरात वळली. इतक्या वर्षांची सवय होती.

शुक्रवारी सकाळी श्यामराव खिशाला दोन पेनं लावून शाळेत आले. पहिल्या मशीनमध्ये सीडी घातली. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली, सिस्टीम सापडत नाही. त्यांनी सीडी काढली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, शर्टाला पुसली आणि परत घातली. तीच अक्षरं. दुसरं मशीन झालं, तिसरं झालं. दर वेळी वाफ, दर वेळी शर्ट. चौथ्याला त्यांनी एक चापट मारून बघितली.

“यांना हात कोणी लावला होता?” त्यांनी शिपाई काशीरामला विचारलं.

“मी नाय हो लावला. चावी बायंकडं असते.”

“मग हवा लागलीय. खारी हवा. आतून गेलीत सगळी.”

“म्हणजे चिपळूणला कळवून टाकू, न्या म्हणून?” दामलेबाईंनी विचारलं. “पण मुंबईत तर चालत होती. आणि इथे येऊन आठवडासुद्धा नाही झाला.”

श्यामरावांनी खिडकीकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि मग त्यांची नजर उमावर येऊन थांबली. ती नजर तिच्या चांगली ओळखीची होती.

“खरं सांगायचं तर,” ते आवाज उतरवून म्हणाले, “सीडी राइट होत असताना आमच्या हिने मिक्सर लावला. किती वेळा सांगितलं! आता बायकांपुढे काय बोलणार?”

दामलेबाई उमाकडे बघायला लागल्या. काशीरामही बघायला लागला. उमाच्या डोक्यात तिडीक गेली. घरातल्या घरात तिने आजवर सगळं ऐकून घेतलं होतं. पण हा माणूस तिला मंडणगडला धाडायला निघाला होता आणि वर पावतीही तिच्याच नावावर फाडत होता.

“मिक्सर गणपतीपासून दुरुस्तीला पडलाय,” ती म्हणाली. “तुम्हीच टाकून आलात. उघडलात आणि परत जोडता येईना, म्हणून. तेव्हापासून मी पाट्यावर वाटतेय.”

काशीरामला एकदम खोकला आला.

उमाने त्यांच्या हातातून सीडी घेतली आणि शाळेच्या ऑफिसातल्या चालू कॉम्प्युटरवर ती दामलेबाईंना उघडून दाखवली. आत एकुलती एक फाइल होती.

“हापूसची पेटी खिळे न काढता ताटात ठेवलीय यांनी. खाणार कोण आणि कसं? मी घरी सांगितलं होतं. आता मीच करून आणते.”

“जमेल तुम्हाला?”

“यांना जमत नाही, एवढं तर बघितलंत.”

श्यामरावांना तेवढ्यात पालीला कोणाचा तरी कॉम्प्युटर बघायला जायचं आठवलं. त्यांनी पिशवी उचलली. त्यांना थांबा म्हणून कोणी म्हटलं नाही.

उमा घरी आली, त्यांच्या खुर्चीत बसली आणि ‘इमेज’वरून सीडी राइट केली. होत असताना फ्रीज उघडून ताक प्यायली. सीडीला काही झालं नाही. शाळेत येऊन ती पहिल्या मशीनमध्ये घातली तेव्हा पडदा निळा झाला आणि कोणती भाषा हवी असं विचारू लागला. दामलेबाईंनी तिचा हात घट्ट धरला. उमाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला. दिवे लागायच्या आत आठही मशीनं सुरू झाली. मंडणगड टळलं.

घरी परतली तर श्यामराव ओट्यावर बसून शेजाऱ्यांना सांगत होते, “मशीनं अडून बसलेली हो. मी सकाळी जरा हलवून दिली, म्हणून हिला नंतर जमलं.”

उमा पायरीवर थांबली. हा माणूस एकदा, फक्त एकदा ‘चुकलं माझं’ म्हणेल, असं तिला येताना रस्ताभर वाटत होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“अगो, पान घे,” ते तिच्या मागोमाग आत येत म्हणाले. “सकाळपासून नुसती दगदग.”

उमाने पान घेतलं. भात वाढला, त्यावर आमटी घातली, लिंबाची फोड ठेवली आणि त्या पानावर स्वतः बसली. श्यामराव हात धुऊन आले आणि दारातच उभे राहिले.

“आणि माझं?”

उमाने भात कालवायला घेतला.