शेपटीवाला शब्द

इंग्लंडातल्या या गिरणगावात, आमच्या रॉचडेलच्या गल्लीत कुणाकडे काय शिजतंय ते मला नाकाने कळतं, आणि कोण काय बोलतंय ते डोळ्यांनी. गिरणीच्या साचेखात्यात सातशे साचे, म्हणजे माग, खडखडत असले की कान काय कामाचे? आम्ही विणकरणी नुसत्या ओठांनी बोलतो. त्यामुळे रस्त्यापलीकडचं भांडणही मला घरबसल्या मिळतं.

हेटी शॉरॉक माझी शेजारीण, भिंतीला भिंत लागून. विधवा, म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. चार साच्यांवर फ्लॅनलेट विणायची. फ्लॅनेल लोकरीचं, फ्लॅनलेट म्हणजे सुताला लव काढून केलेली त्याची नक्कल. गरिबांच्या पोरांचे झगे त्याचेच. शेगडीची ठिणगी पडली की भडका. हेटीची धाकटी त्यातच गेली.

बायकांना मत हवं म्हणणाऱ्या बायका दोन तऱ्हेच्या. अर्ज-विनंत्या करतात त्या सफ्रजिस्ट. खिडक्या फोडून तुरुंगात जातात त्यांना लंडनच्या एका वर्तमानपत्राने चिडवायला फ्लॅनलेटचीच 'एट' शेपटी लावली: सफ्रजेट. हेटी त्यांच्यातली.

मी हेटीला म्हटलं, "बघ गं, तुमचंही फ्लॅनलेट केलं! स्वस्तातला नकली माल."

"करू दे," ती म्हणाली. "फ्लॅनेल नुसतं धुमसतं. पेटतं ते फ्लॅनलेटच."

मी हसले. मग तिची धाकटी आठवली आणि हसू तोंडातच राहिलं.

पुढे हेटीने पोस्टाची काच फोडली. दोन महिन्यांची शिक्षा झाली. आत जेवण सोडलं, तर चौघी पहारेकरणींनी दाबून धरून घशात रबरी नळी खुपसली आणि दूध-अंडं ओतलं. रोज दोनदा. सुटून आली ती निम्मी होऊन, आणि आवाज कायमचा गेला. साचेखात्यात आवाज लागतो कशाला, म्हणून मी तिला गिरणीत घेऊन गेले. तिचे ओठ वाचायला साहेबांपुढे कुणीतरी हवंच होतं.

एन्टविसल साहेबांनी जन्मात कधी साचा चालवला नव्हता. म्हणाले, "साचे परत देतो, शॉरॉकबाई. फक्त एवढं सांगा, तुम्ही सफ्रजिस्ट आहात. ती दुसरी नव्हे."

हेटीचे ओठ हलले. सफ्रजेट.

"काय म्हणाल्या?" साहेबांनी मला विचारलं.

"सफ्रजिस्ट, साहेब," मी ठोकून दिलं. "अगदी मऊ. धुतली तरी आटायची नाही."

साहेब हसले. "मग सोमवारी या."

हेटीने माझ्याकडे एकदा पाहिलं. टेबलावर नमुन्याचं फ्लॅनलेट पसरलं होतं, शेजारी कापडातले दोष खुणावायचा निळा खडू. तिने खडू उचलला आणि त्या पांढऱ्या कापडावर शब्द लिहिला. शेपटीसकट.

साहेबांनी दाराकडे बोट केलं.

मी फाटकापाशी तिला गाठलं. "अगं बये, आईला आता काय भरवणार? खडू?"

ती वळली. ओठ सावकाश हलवले, मला एकही अक्षर चुकू नये म्हणून.

"त्यांनी शेपटी लावली. नकली मात्र मला तू केलंस."

सोमवारी तिच्या चारपैकी दोन साचे मला मिळाले. मी नको म्हटलं नाही. आता ती समोरून आली की मी तिच्या बुटांकडे बघते, ओठांकडे नाही.