किलव्हारच्या चॅपेलची किल्ली

किलव्हारच्या चॅपेलला छप्पर नव्हतं, उत्तरेच्या भिंतीला गाय जाईल एवढं भगदाड होतं, पण पश्चिमेच्या दाराला कुलूप होतं. त्याची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या हेहिरांच्या घरात. सासूने ती नव्या सुनेच्या, डेलियाच्या हाती ठेवली तेव्हा फादर साक्षीला होते. आठवड्याच्या आत डेलियाने ती विहिरीत पाडली.

पुढची चाळीस वर्षं ती पाहुण्यांपुढे कोंबड्यांच्या खुराड्याची किल्ली मिरवत राहिली. "आज कुलूप ओलीने धरलंय हो," म्हणत त्यांना भगदाडातून आत न्यायची. मग इतिहास सुरू. छप्पर इंग्रजांच्या तोफांनी उडवलं, असं ती ठासून सांगे. त्या छपराच्या निम्म्या दगडी पाट्या हेहिरांच्याच गोठ्यावर होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि एका सकाळी डब्लिनहून जुन्या वास्तूंचा अधिकारी आला, फिंटन नावाचा, हातात टेप घेऊन. मागोमाग शेजारचा मलाकी. त्याचा त्या किल्लीवर डेलियाच्या लग्नाआधीपासून डोळा.

"बाई, दार उघडा. कमान मोजायचीय."

"ओलीने धरलंय ना ते."

"महिना झाला, पाऊस नाही," मलाकी म्हणाला. "अख्खा क्लेअर जिल्हा वाळला, तुझं कुलूपच तेवढं ओलं?"

"किल्ली चालत नसेल तर कुलूप तोडू, नवं लावू," फिंटन म्हणाला. "मग ती कुणी सांभाळायची ते बघू."

मलाकीने हात पुसून तयारच ठेवले. डेलियाच्या तोंडचं पाणी पळालं. किल्ली गेली तर गावात तिला कोण विचारणार होतं?

तिने खुराड्याचीच किल्ली पुढे केली. फिंटन कुलपाशी वाकला, सवयीने वर पाहिलं आणि तसाच थिजला. कमानीच्या माथ्याचा दगड चार बोटं खाली सरकून दाराच्या फळीवर टेकला होता.

"मागे व्हा," तो हळूच म्हणाला. "हे दार उघडलं असतं ना, तर पाचशे वर्षांची कमान डोक्यावर कोसळली असती. इतकी वर्षं हे उघडू दिलं नाही कुणी?"

डेलियाने मलाकीकडे पाहिलं.

"मी," ती म्हणाली.

चॅपेलबद्दल तिने सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. फिंटनने अदबीने किल्ली परत केली, जिवापाड जपायला सांगितलं. ती लगबगीने घरी निघाली, कारण दहा वाजत आले होते आणि कोंबड्या अजून कोंडलेल्याच होत्या.