विमानाचे अकरा तास आणि राणीमाशीची शिदोरी

मधाच्या पेट्या सांभाळण्यात तीस वर्षं गेली, म्हणून सारी गल्ली त्यांना मधमावशी म्हणते. माश्यांशी त्यांचं चांगलं जमतं, माणसांशी अधूनमधून वाजतं. गेल्या महिन्यात परदेशातल्या लेकीचा फोन आला. "आई, माझ्या पेटीतली राणी मेली गं. इकडे नवी मिळायला महिना लागेल, तोवर अंडी नाहीत, पेटी रिकामी होईल."

"रडू नकोस. माझ्याकडची पाठवते," मावशी म्हणाल्या, आणि देवापुढे हात जोडून कामाला लागल्या.

धाकटे दीर विमानाने माल पाठवायच्या ऑफिसात. परवानगीचे कागद घेऊन ते आले तेव्हा मावशी ओट्याशी पिठीसाखर मधात मळत होत्या. काडेपेटीएवढ्या जाळीच्या डबीत एक राणी आणि तिची चाकरी करणाऱ्या सात दासी माश्या बसणार. दासींनी वाटेत हाच गोळा खायचा आणि राणीला भरवायचं.

"वहिनी, साडेनऊ हजार किलोमीटर, अकरा तास चाळीस मिनिटं. एवढी शिदोरी? राणी वऱ्हाड घेऊन निघालीय का?"

"भावजी, ते तास विमानाचे. डबी माझ्या दारातून निघून लेकीच्या हातात कधी पडेल, ते सांगा."

"पडेल दोनेक दिवसांत."

"पडेलबिडेल नको. कागद घ्या, लिहा."

बसले बिचारे लिहायला. टेम्पो, वजन, तपासणी, मधे विमान बदलणं, तिकडची तपासणी, शेवटी लेकीच्या गावापर्यंतची गाडी.

"आणि मधलं विमान चुकलं तर?"

"अशुभ बोलू नका हो!"

"अशुभ कसलं? माशीला भूक लागते, एवढंच म्हणतेय."

बेरीज बहात्तर तासांवर गेली. मावशींनी सहा दिवसांचा गोळा मळला. सैल राहिला तर माश्या चिकटून मरतात, घट्ट झाला तर त्यांना कुरतडता येत नाही. अंगठ्याने दाबून बघितला, मान हलवली, राणी आणि दासी आत सोडल्या आणि त्याच गोळ्याने डबीचं तोंड बंद केलं.

मधलं विमान चुकलंच. दीर पडलेल्या चेहऱ्याने दारात उभे. "वहिनी, आणखी एक दिवस."

"मग? डबीत तीन दिवसांचं जास्तीचं आहे. आत या, चहा घ्या."

चौथ्या दिवशी फोन वाजला. "आई, एक दासी गेली. पण राणी चालतेय!"

"चालणारच. आता डबी पेटीतल्या पोळ्याच्या दोन चौकटींच्या मधे अडकव. डबीच्या तोंडावरचा गोळा कुरतडून तुझ्या माश्या राणीला मोकळी करतील, तोवर तिचा वास त्यांच्या ओळखीचा होईल. आठ दिवस झाकण उघडायचं नाही."

"आठ?"

"आठ."

लेकीने सातव्या दिवशीच उघडलं. फोटो आला. पोळ्याच्या प्रत्येक घरात मधोमध एकेक पांढरं अंडं, सुईच्या टोकाएवढं. मावशींनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं, देवाला मनातल्या मनात नमस्कार केला आणि लेकीला लगेच फोन लावला.

"पेटीवर आणखी एक मजला चढव. तीन आठवड्यांनी या अंड्यांच्या माश्या होतील, जागा पुरायची नाही."