वास घ्यायची पळी

त्या मंगळवारी सकाळी माझा नवरा बूट घालायला बसला आणि उठला नाही. मी स्वयंपाकघरात डबा भरत होते. सासूबाई हॉलमध्ये पेपर वाचत होत्या. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तपासलं, घड्याळाकडे पाहिलं आणि वेळ लिहिली.

दिवस झाले, पुण्याहून आलेली माणसं परत गेली, आणि नोएडाच्या फ्लॅटमध्ये सासूबाई आणि मी राहिलो. आम्हाला मूलबाळ नाही. सासरे गेले तेव्हापासून सासूबाई आमच्याकडेच असतात. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. शाळेनं रजा वाढवून दिली होती आणि त्या रजेचं काय करायचं हे मला कळत नव्हतं.

अशाच एका दुपारी गेटवरून इंटरकॉम वाजला. गार्ड नवा होता. साहेबांचं पार्सल आलंय, डिलिव्हरीवाला ओटीपी मागतोय, साहेबांच्याच फोनवर आला असेल, असं तो हिंदीत सांगत होता. नवऱ्याचा फोन बंद करून टेबलाच्या खणात ठेवलेला होता. तो चार्जिंगला लावला. स्क्रीन उजळली आणि साचलेले मेसेज एकामागून एक येत राहिले. ते आकडे सगळ्यात वर होते. मी ते गार्डला वाचून दाखवले आणि फोन पुन्हा बंद केला.

पार्सल म्हणजे तागाची गोणी होती. आत कॉफीच्या बिया होत्या, न भाजलेल्या, राखाडी हिरव्या रंगाच्या. चिकमगळूरच्या एका मळेवाल्याकडून त्यानं त्या मागवल्या होत्या आणि मला तसं सांगितलंही होतं. "बिया घरात येऊन पडल्या की मशीन घ्यावंच लागेल," तो म्हणाला होता. "नाहीतर मी नुसता बघतच बसेन."

कॉफी भाजायचं मशीन घ्यायचं त्याच्या मनात फार दिवस होतं. तोवर तो दर रविवारी बाल्कनीत लोखंडी कढईत बिया भाजायचा, शेंगदाणे भाजावेत तशा, उलथन्यानं हलवत. काही करपायच्या, काही कच्च्या राहायच्या. फोलपटं उडून वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. मग तीच कॉफी तो बिनदुधाची, बिनसाखरेची प्यायचा आणि फारशी बरी झाली नाही असं स्वतःच म्हणायचा. सासूबाई त्याला काढा म्हणत. त्यांची कॉफी म्हणजे आटवलेलं दूध, साखर आणि वरून किसलेलं जायफळ. कॉफी त्यात नावापुरती. "आजारी आहेस का रे, काढा पितोस तो?" हे त्या दर रविवारी विचारत आणि तो दर रविवारी हसत असे. जेवताना तो मशीनबद्दल बोलायचा. ड्रमचं घ्यावं की गरम हवेचं, विजेचं की गॅसवरचं. मी ऐकत असे, पण त्याचं शेवटी काय ठरलं हे मला सांगता येणार नाही. बहुधा काहीच ठरलं नव्हतं.

आता गोणी घरात होती. मी मूठभर बिया तळहातावर घेऊन नाकाशी नेल्या, जुन्या सवयीनं. मला वास येत नाही. साथीच्या दुसऱ्या लाटेत गेला तो परत आला नाही. लोकांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला. माझा राहून गेला. घरात माझ्या नाकाचं काम नवरा करायचा. दूध नासलंय का, डाळ लागतेय का, गॅसची नळी ठीक आहे ना, हे सगळं मी त्याला विचारायची. तो नसताना पातेलं घेऊन सासूबाईंकडे जायची. माणूस गेल्यावर त्याचा वास कपड्यांत राहतो म्हणतात. तेराव्यानंतर मी त्याचं कपाट उघडलं तेव्हा सासूबाईंनी त्याचा निळा स्वेटर घेतला, तोंडावर धरला आणि तशाच पलंगावर बसून राहिल्या. मी शेजारी उभी होते. नंतर त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी घडी घालून ठेवला.

धाकटे दीर पुण्यात असतात. त्यांचा फोन आला. आईला आता इकडे आणतो, दिवाळीच्या आधीच, नंतर तुमच्याकडची हवा तिला झेपायची नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बरोबर आहे. एक मुलगा गेला, दुसरा आहे. आई मुलाकडे राहते. यात विचारायचं काय, असं त्यांना वाटलं आणि मलाही. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची बॅग पलंगाखालून निघून हॉलच्या कोपऱ्यात उभी राहिली. दिरांनी तिकीट काढून माझ्या फोनवर पाठवलं. त्यानंतर मी दूध तापवताना प्रत्येक वेळी मला ती बॅग दिसायची.

न भाजलेल्या बिया फार तर वर्षभर चांगल्या राहतात, नंतर त्यांची चव उतरते. हे मी वाचलं. मग मी मशीनबद्दल वाचायला लागले, कारण एखादी गोष्ट कळत नसली की वाचायचं एवढंच मला येतं. गरम हवेचं मशीन लहान असतं, बिया हवेत नाचतात, काम पटकन होतं. ड्रमच्या मशीनमध्ये बिया फिरत्या ड्रममध्ये हळूहळू भाजतात. त्यात एक पूर्ण आपोआप चालणारं असतं. बिया ओतायच्या, बटण दाबायचं, आत तापमान मोजलं जातं, धूर गाळला जातो आणि बिया गार होऊन बाहेर येतात. वास घ्यावा लागत नाही. माझं ठरलं. नाक नसलेल्या आणि एकटीनं राहणाऱ्या बाईला तेच योग्य होतं.

दिल्लीत मुनिरक्याला एका झेरॉक्सच्या दुकानावर जिना चढून गेलं की कॉफीची यंत्रं विकणाऱ्या एका बाईंची लहानशी जागा आहे. घेण्याआधी तिथे भाजून दाखवतात असं कळलं होतं. मी निघाले तेव्हा सासूबाई साडी बदलून दारात उभ्या होत्या. जिना आहे, मेट्रोत गर्दी असेल, असं मी म्हणून पाहिलं.

"त्याचं राहिलेलं काम आहे," त्या म्हणाल्या. "मी येणार."

मेट्रोत एका मुलीनं उठून त्यांना जागा दिली. मी दांड्याला धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. पुण्याच्या घरी त्यांची खोली कुठली असेल, खिडकी कुठल्या बाजूला, असं काहीबाही मी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, आणि गाडीचा आवाज होता. त्यांनी मान हलवली, त्यावरून काही कळलं नाही.

दुकानाच्या बाई पस्तिशीच्या असतील. त्यांनी सासूबाईंना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि मला विचारलं, घरात कॉफी पिणारे किती? मशीन किती मोठं घ्यायचं ते त्यावर ठरतं.

मी म्हटलं, "एक."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या यंत्रांकडे बघायला लागल्या.

बाईंनी आधी हवेचं मशीन दाखवलं. त्याच्या पंख्याचा आवाज इतका होता की आम्ही बोलायच्या थांबलो. मग आपोआप चालणारं. ते फ्रिजसारखं हलकं घुमत होतं, पुढे काळी काच, त्यात आपलेच चेहरे. बाई त्याचे गुण सांगत होत्या आणि मी पैसे कसे द्यायचे हे मनात ठरवत होते. सासूबाई म्हणाल्या, "हे काय करतंय ते कळत कुठे आहे? वॉशिंग मशीनसारखं नुसतं बसून राहायचं."

तिसरं मशीन गॅसच्या शेगडीवर ठेवायचं होतं. साधा पोलादी ड्रम, तो फिरवायला छोटी मोटर, बघायला वाटीएवढी काच. बाईंनी शेगडी पेटवून त्यात बिया ओतल्या. ड्रमच्या तोंडाशी एक लाकडी मूठ होती. ती कशाची, असं सासूबाईंनी विचारलं. बाईंनी मूठ ओढली तर आतून एक लांब, अरुंद पळी बाहेर आली आणि तिच्यात चार-सहा बिया. भाजणं चालू असतानाच थोड्या बिया बाहेर काढून बघायच्या, वास घ्यायचा आणि पळी परत सरकवायची, अशी ती सोय होती.

सासूबाईंनी हात पुढे केला. बाईंनी पळी त्यांच्या नाकाशी धरली. "कच्चं," त्या म्हणाल्या, "गवतासारखं." थोड्या वेळानं पुन्हा. "आता भाजणीतल्या गव्हासारखं." त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा काहीतरी हललेलं पाहिलं. आत तडतड सुरू झाली, लाह्या फुटाव्यात तशी. त्यांना ती ऐकू आली नाही. मला आली. बाई म्हणाल्या, आता बंद केलं तरी चालेल. सासूबाई पळी सोडेनात. अजून, अजून, असं म्हणत त्यांनी बिया चांगल्या काळपट होऊ दिल्या, तेव्हा बाई हसून म्हणाल्या, जरा जास्तच डार्क झाली.

"आमच्याकडे अशीच लागते," सासूबाई हिंदीत म्हणाल्या. मग मला मराठीत, "हे घे."

बाईंना मराठी येत नव्हतं. त्या चाळणीत बिया हलवून गार करत होत्या. मी हळू बोलत होते, पण सासूबाईंना ऐकू यावं म्हणून मला आवाज चढवावा लागला.

"आई, याला नाक लागतं."

"आहे की."

"तुमचं आहे. तुम्ही दिवाळीआधी निघालात. मग मी हे कसं चालवू?"

त्या पळीकडे बघत राहिल्या. "मी कुठे निघाले? तुम्ही दोघांनी ठरवलंत. मी बरं म्हटलं."

"तुम्हाला जायचं नाहीये?"

"इतकी वर्षं मुलाच्या घरात राहिले," त्या म्हणाल्या. "आता ते तुझं घर. त्यात मी कुठल्या नात्यानं राहायचं, ते तूच सांग."

इतकी पुस्तकं वाचलेल्या माणसाला अशा वेळी काही सुचायला हवं. मला सुचलं ते एवढंच. "मला दूध नासलेलं कळत नाही, आई."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

त्यांनी पदरानं हात पुसले. "मग हे घे," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांग, पिणाऱ्या दोन आहेत."

दीर दुखावले. फोनवर ते म्हणाले, "वहिनी, माझी आई मला नको आहे असा अर्थ होतो याचा." तसा अर्थ नव्हता आणि तसा तो होतही होता. शेवटी हवेनं मार्ग काढून दिला. थंडीत इथे धूर उतरतो तेवढे महिने सासूबाईंनी पुण्याला राहावं, बाकी इथे. जायचं तिकीट होतं तेच ठेवलं. परत यायचं मी काढलं.

मशीन आलं त्या रविवारी आम्ही पहिल्यांदा भाजलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडली, चिमणी लावली. सासूबाईंची खुर्ची ओट्याजवळ आणली. काम वाटलं गेलं ते आपोआप. तडतड ऐकायची ती मी, वास घ्यायचा तो त्यांनी. तडतड सुरू झाली तशी मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी पळी ओढली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. मी वाट बघत होते. त्या काहीच बोलेनात. काचेतून बिया काळ्या होताना दिसत होत्या, धूर वाढला होता. शेवटी मीच गॅस बंद केला आणि बिया चाळणीत ओतल्या.

"आई, बोलला का नाहीत?"

"रविवारचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कसा येतोय, मला सांगा. त्यांनी प्रयत्न केला. दाणे भाजल्यासारखा, पण खाली गूळ करपल्यासारखा, आणि मागे जरासा लाकडाचा. मग म्हणाल्या, "सांगता येत नाही गं." तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी बेल वाजवून काही जळतंय का असं विचारलं. जळत नाही, भाजतोय, असं सासूबाईंनीच दारात जाऊन सांगितलं. त्या दिवशीची कॉफी कडू झाली. त्यांनी तिच्यात दूध आणि जायफळ घातलं. मी तशीच प्यायले, त्याच्यासारखी, आणि ती मला आवडली नाही.

थंडीत त्या पुण्याला होत्या तेव्हा मी मशीनवर जुना टॉवेल टाकून ठेवला होता. खिडक्या बंद, हवा शुद्ध करायचं यंत्र दिवसरात्र चालू. अशा घरात एकटीनं बिया जाळून बघायचं धाडस झालं नाही. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. आज दूध कुणाला दाखवलंस, हे त्या विचारायच्या. मी सांगायची, शेजारच्यांना. होळी झाल्यावर त्या आल्या. दीर सोडायला आले होते. त्यांनी ओट्याजवळची खुर्ची पाहिली, तिच्यावर बसून कॉफी प्यायले, आणि चांगली आहे म्हणाले.

आम्ही अजून भांडतो. मला तडतड झाल्यावर लगेच बंद करावंसं वाटतं, त्यांना काळपट लागते. कधी पळी हातात घेऊन त्यांना डुलकी लागते. मग ती खेप वाया जाते आणि दोष माझ्या कानांना मिळतो.

गोणीच्या तळाशी आता एक-दोनदा भाजता येतील एवढ्याच बिया आहेत. त्या संपल्या की त्याच मळेवाल्याकडून मी माझ्या फोनवरून मागवणार आहे. निळा स्वेटर कपाटात आहे. मशीन ओट्यावर आहे. घरात आम्ही दोघी आहोत.